क्लिनर साइडचा मालक

दुकानासमोर, डांबर संपून माती सुरू होते तिथं, चाचांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं एक लांबट चौकोन आखून ठेवला होता. साडेसतरा फूट लांब, साडेसहा फूट रुंद. दरवर्षी दिवाळीच्या आधी ते टेप लावून तो पुन्हा मोजायचे आणि पट्टे नव्यानं मारायचे, जणू वर्षभरात चौकोन आखडला असेल. त्या चौकोनाच्या बरोबर मध्यभागी त्यांची मोपेड उभी असायची. एकटी.

दुसऱ्या कुणी तिथं गाडी लावायला घेतली की चाचा आतून ओरडायचे, "ओ भाऊ, जागा बुक है!"

"कोणाची?"

"येनेवाली है."

मी कामाला लागले तेव्हा ती गाडी एकोणीस वर्षांपासून येत होती. एकदा वाहतुकीचा हवालदार आला. म्हणाला, "चाचा, रस्त्यावर हे पट्टे कोणी मारले?" चाचा म्हणाले, "मीच मारले. तुमच्या झेब्र्यापेक्षा सरळ हायेत का नाय, ते बघा आधी." हवालदारानं खरंच वाकून बघितलं, आणि चहा पिऊन गेला.

मी गडचिरोलीकडची. आठवीत शाळा सुटली. पुढं नवऱ्याला वाळूजच्या एका कंपनीत काम लागलं म्हणून इतक्या लांब या शहरात आले, तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. जालना रोडच्या मागं गाड्यांच्या सीट कव्हरची दुकानं एका ओळीत आहेत. त्या लाइनीत बाई कामाला ठेवत नसत. चाचांनी ठेवली, कारण मला मशीनवर अक्षरं भरता यायची, आणि जीपवाल्यांना सीटच्या पाठीवर पोरांची नावं हवी असायची. परीक्षा म्हणून चाचांनी रेक्झिनचा तुकडा दिला. "काढ."

"काय काढू जी?"

"जे येतं ते."

मी घाबरत 'आभारी आहे' काढलं. चाचांनी चष्मा वर करून वाचलं. "अजून ठेवलं नाय कामावर. आधीच आभार?"

पण ठेवलं. पुढची चार वर्षं मी रोज सकाळी दुकानाची पायरी चढताना मनात म्हणायची, आज कामावरून काढतील. चाचांचा आवाज चढला की माझी सुई थांबायची. बहुतेक वेळा तो आवाज सत्तर सालच्या चॅलेंजर नावाच्या गाडीबद्दल असायचा.

त्यांना वेड होतं ते अमेरिकेतल्या मसल कारचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मसाल्याची गाडी. चाचा म्हणाले, "मसल म्हंजे दंड. पैलवान गाडी समज." तेव्हापासून दुकानात तोच शब्द चालला. त्यांच्या हिशेबानं पैलवान दोन जातीचे. जुने ते खानदानी पैलवान: दूध, बदाम, तालमीची माती. एकोणसत्तरचा चार्जर, सदुसष्टची मस्टँग, पहिली कॅमारो. आणि आताच्या नव्या त्या जिममधल्या. "पावडर पिऊन दंड आलेत. दिखते अच्छे, पण घाम कुठाय?" मात्र त्यांतली एखादी मोबाइलवर दिसली की पावडर-बिवडर विसरून तोंड उघडं टाकून बघायचे.

हे सगळं एका मासिकावर उभं होतं. तरुणपणी चाचा अजिंठ्याला जाणाऱ्या टुरिस्ट गाड्यांच्या सीटा दुरुस्त करायचे. फर्दापूरला एका गोऱ्या पाहुण्याच्या बॅगेचा पट्टा तुटला, तो त्यांनी उभ्या-उभ्या शिवून दिला. पाहुण्यानं खूश होऊन हातातलं मासिक दिलं. त्यात नुसत्या पैलवान गाड्या. चाचांनी त्या मासिकाला रेक्झिनचं कव्हर शिवलं, त्याला लाल पायपिंग लावली आणि त्यावरूनच इंग्रजी शिकले. त्यामुळं त्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणताना अडखळायला व्हायचं, पण 'फोर बॅरल कार्बोरेटर' अगदी सफाईनं यायचं.

कामात मात्र माणूस अव्वल. कुठलीही गाडी आली की सीट उसवण्याआधी चाचा तीत डोळे मिटून बसायचे. पाच मिनिटं, कधी दहा. गिऱ्हाईक बाहेर ताटकळत. मग उतरून सांगायचे, "आपली कंबर उजवीकडून दुखते." गिऱ्हाईक चाट पडायचं. एकदा एका प्राध्यापकांच्या गाडीतून उतरले आणि मला हळूच म्हणाले, "ह्यांची बायको ह्यांच्याशी बोलत नाय. बाजूची सीट बघ, सगळा फोम दरवाज्याकडं दबलाय." यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "जोर इंजिनचा, बैठक आपली." कसलाही विषय निघाला तरी गाडी या वाक्यावर येऊन थांबायची. माझ्या नवऱ्याच्या कंपनीतल्या पाळीचा विषय निघाला होता तरी.

दुसरं वाक्य जास्त खरं होतं. "रेक्झिन माफ करतं, चामडं माफ करत नाय." रेक्झिनमध्ये चुकलेला टाका उसवून, गरम करून, चोळून दडवता येतो. खऱ्या चामड्यात सुई एकदा गेली की भोक जन्मभराचं.

एकदा जालना रोडवर नवी मस्टँग दिसली. चाचा घरून कुणाचा तरी जेवणाचा डबा पोचवायला मोपेडवर निघाले होते, ते डब्यासकट तिच्या मागं लागले. आता मस्टँगच्या मागं मोपेड लागली म्हणजे काय होणार? काहीच झालं नाही. संध्याकाळची गर्दी होती, दोन्ही गाड्या एकाच वेगानं चालल्या होत्या, उलट दोनदा चाचांनाच थांबून मस्टँगची वाट बघावी लागली. तिसऱ्या सिग्नलला त्यांनी काच वाजवली. आतल्या पोरानं काच खाली केली. चाचा म्हणाले, "बेटा, सीटला कव्हर घालू नको. कुणी कितीही सांगू दे." सीट कव्हरवर तीस वर्षं पोट भरणारा माणूस. डबा थंड झाला म्हणून घरी बोलणी बसली, ती वेगळी.

पैलवान गाड्यांबद्दल ते खोटं बोलत नसत, आणि दुसऱ्याचं खपवूनही घेत नसत. भिंतीवर चार्जरचं चित्र होतं. एक बँकेतले साहेब सहज म्हणाले, "अडुसष्टचा ना?" चाचांनी त्यांच्या गाडीचं अर्धं लागलेलं कव्हर तिथंच थांबवलं. "साहेब, मागचे दिवे बघा. अडुसष्टला गोल. हे लांबट हायेत. एकोणसत्तर." साहेब म्हणाले, "काय फरक पडतो?" चाचा म्हणाले, "मग तुमच्या पासबुकात एखादा आकडा इकडं-तिकडं झाला तरी काय फरक पडतो?" उरलेलं कव्हर साहेबांनी शेजारच्या दुकानातून लावून घेतलं.

आणि मग, एका मंगळवारी सकाळी, ती खरंच आली.

ट्रकवरून आली. सिल्लोडचे एक जिनिंगवाले शेठ, कापसाचा मोठा कारभार. त्यांनी मुंबईच्या कुणा शौकिनाकडून घेतलेली. एकोणसत्तरचा चार्जर, काळा कुळकुळीत, आणि लाइनीतली सगळी दुकानं हातातलं काम टाकून रस्त्यावर. चाचांनी मोपेड स्वतः ढकलत नेऊन भिंतीला लावली. गाडी चौकोनात उतरली. चारही बाजूंनी पट्टा तेवढाच दिसत होता. चाचा नुसते मान हलवत राहिले.

शेठ म्हणाले, "चाचा, तुमचं लई ऐकलंय. बसा की एकदा."

चाचांनी चपला काढल्या. हात पुसले. सगळी लाइन बघत होती. चाचा सरळ चालत गेले, उजवं दार उघडलं, बिस्मिल्ला म्हणून आत बसले, डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढं केले.

पुढं काहीच नव्हतं. स्टिअरिंग डावीकडं होतं. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडं बसतो, हे व्याख्यान मी चार वर्षांत शंभर वेळा ऐकलं होतं. चहावाल्याला ते पाठ होतं. आणि चाचा ड्रायव्हरऐवजी क्लिनरच्या जागेवर बसून हवेत हात धरून होते.

कुणी हसलं नाही. म्हणजे तोंडावर नाही. चाचांनी डोळे न उघडता हात शांतपणे मांडीवर ठेवले. पाच मिनिटांनी उतरून म्हणाले, "आधी इथून बघायचं असतं."

मग काम ठरलं, म्हणजे भांडण झालं. शेठना पुढच्या दोन्ही सीटांना खरं चामडं हवं होतं; तांबूस चामड्याचे दोन मोठे तुकडे त्यांनी बरोबरच आणले होते. चाचा म्हणाले, "शेठ, ह्या गाडीला कंपनीनंच रेक्झिन दिलेलं. वोच असली है."

"रेक्झिन रिक्षाला असतं, चाचा. लोक काय म्हणतील?"

"बरं. चामडं."

"आणि ड्रायव्हर सीटच्या पाठीवर 'मालक' काढायचं. बाजूच्या सीटवर 'मालकीण'. पिवळ्या धाग्यात. ठसठशीत."

चाचांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, त्यांना बसायला स्टूल द्यावं. "शेठ," ते जवळजवळ हात जोडून म्हणाले, "दुनियेत लोक ह्या गाडीचं स्वप्न बघत मरतात. तिच्यावर 'मालक' नक्को लिहू. ती कुणाची आहे ते तिला माहीत हाये."

"तिला माहीत हाय, पण सिल्लोडला माहीत नाय ना," शेठ म्हणाले. "शुक्रवारी सकाळी येतो. घरचे पण येतील."

शेठ गेल्यावर चाचांनी मासिक फडताळात उलटं ठेवलं आणि मला म्हणाले, "अक्षरं तुझी. ड्रायव्हर साइडला 'मालक'. मी मागची सीट बघतो." तेवढं बोलून पाठ फिरवली.

या लाइनीत उजवी-डावी म्हणत नाहीत. उजवी ती ड्रायव्हर साइड, डावी ती क्लिनर साइड, मग गाडीला क्लिनर असो-नसो. कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर मागून खडूनं 'ड्रा' नाहीतर 'क्ली' लिहायचं. दोन्ही सीटा काढून माझ्यापुढं जमिनीवर ठेवल्या होत्या. दोन दारांची गाडी. मागं जायला पुढच्या सीटची पाठ वाकवावी लागते, तिची कळ बाहेरच्या अंगाला असते. त्यावरून उजवी कुठली ते मी ओळखलं, आणि उजवीच्या तुकड्यांवर सवयीनं 'ड्रा' लिहिलं. लिहिलं आणि विसरले. हात चार वर्षं तेच लिहीत होता.

भीती वेगळीच होती: चामडं. बुधवारभर मी नुसतं कापलं. गुरुवारी अक्षरं धरली. शेठनी कागदावर दिलेल्या नमुन्यात दोन्ही शब्द डाव्या शिवणीपासून चार बोटं सोडून सुरू होत होते, म्हणून मी आधी दोन्ही पाठींवर सारखीच तीन अक्षरं भरून घेतली. मा, ल, क. मग 'क्ली' लिहिलेलीवर वेलांटी आणि ण. चाचा मधूनमधून यायचे, कमरेवर हात ठेवून बघायचे, जायचे. एकदा बराच वेळ उभे राहिले. मी विचारलं, "बरोबर शिवून राहिले ना जी?" ते म्हणाले, "टाका सुंदर पडलाय." चार वर्षांत पहिल्यांदा. मी घरी जाताना नवऱ्यासाठी जिलबी नेली.

शुक्रवारी सकाळी सीटा बसवल्या. शेवटचा बोल्ट चाचांनी आवळला. मी पुढून काचेतून कौतुकानं बघितलं, आणि स्टिअरिंगच्या मागं पिवळ्या धाग्यात ठसठशीत 'मालकीण' होती.

ह्या गाडीचा ड्रायव्हर डावीकडं, आणि माझा 'ड्रा' उजवीकडं गेला होता. डोकं पळायला लागलं. सीटा अदलाबदल? कळ आत येईल, मागं कुणी बसू शकणार नाही; नुसती कव्हरं बदलावीत तर कळीसाठी कापलेलं भोक उलट्या अंगाला. अक्षरं उसवली तर? 'मालक'ची 'मालकीण' करता येते, वेलांटी आणि ण घातला की झालं. 'मालकीण'चा 'मालक' होत नाही; ण काढला तरी त्याची भोकं तिथंच राहतात. आणि चामडं शेठचं, दुसरा तुकडा नाही.

"चाचा, मी घरी जाते," मी म्हणाले. मला म्हणायचं होतं, गावाला जाते.

चाचांनी गाडीत बघितलं. माझ्याकडं बघितलं. "आधी चहा पी."

चहा यायच्या आत शेठ आले. बरोबर त्यांची बायको, डोक्यावर पदर, हातात मोबाइल. शेठनं डावं दार उघडलं, वाचलं, वळसा घालून उजवं उघडलं, वाचलं. "चाचा, ह्ये काय हो? उलटं झालंय की!"

मी तोंड उघडणार होते. चाचा मध्ये आले. आणि ज्या माणसानं एका दिव्याच्या आकारापायी गिऱ्हाईक घालवलं होतं, त्यानं सगळ्या लाइनीसमोर सांगितलं, "शेठ, असलीमध्ये असंच असतं."

"म्हंजे?"

"खानदानी मालक स्वतः स्टिअरिंग धरतो का? अमेरिकेत बडे लोक बाजूला बसतात. आरामात. म्हणून तर ड्रायव्हरला तिकडं डावीकडं टाकला आणि मालकाला उजवी बाजू दिली. मासिकात हाये."

शेठ विचारात पडले. बडे लोक म्हटल्यावर राग अर्धा उतरला होता. "ते ठीक हाय. पण मग मालकीण ड्रायव्हर व्हय?"

तेवढ्यात शेठची बायको पुढं झाली. "सरका बरं. लिहिलंयच तर बसते मी."

"अगं, ट्रॅक्टर नाय ती!"

"सोयगावला वडलाचा ट्रॅक्टर मीच चालवायची. आवाज तर तसाच हाय हिचा." तिनं पदर खोचला, बसली, चाचांना विचारलं, "क्लच कुठाय?"

"क्लच नाय, भाभी. नुसतं डी वर टाका."

"मग ट्रॅक्टरपेक्षा सोपीच की." आणि शेठला, "बसता का येता मागनं एसटीनं?"

शेठ बसले, 'मालक'ला पाठ टेकून. गाडी एकदा गुरगुरली, चौकोनातून निघाली आणि जळगाव रोडच्या दिशेनं सरळ गेली. लाइनीनं टाळ्या वाजवल्या. मी दुकानाच्या मागं जाऊन रडले. मग येऊन चाचांचे पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले आणि म्हणाले, "चहा थंड झाला."

संध्याकाळी गावी आईला फोन केला. म्हटलं, परक्या मुलखात देवमाणूस भेटला गं, माझ्यासाठी आयुष्यातलं पहिलं खोटं बोलला. पुढं ऐकलं की शेठ सिल्लोडात सगळ्यांना अमेरिकेची ती रीत समजावून सांगतात आणि कुठंही बाजूलाच बसून जातात. आमच्याकडं तीन-चार जीपवाले येऊन क्लिनर साइडला 'मालक' काढून घेऊन गेले. चाचांनी ते माझ्याकडूनच काढून घेतलं, एकदाही न हसता.

दोन महिन्यांनी, दुपारी, आम्ही दोघं एका रिक्षाच्या सीटचे खिळे उपटत बसलो होतो. चाचा सहज म्हणाले, "वो चार्जर का... मी गुरुवारीच बघितलं होतं."

"काय जी?"

"उलटं चाललंय ते. दोन्हीवर नुसतं 'मालक' झालं होतं तेव्हा. वेलांटी बाकी होती."

मला समजायला वेळ लागला. म्हणजे तेव्हा सांगितलं असतं तर वेलांटी आणि ण दुसऱ्या सीटवर गेले असते, एवढंच. "मग सांगितलं का नाही चाचा?"

चाचांनी उपटलेला खिळा ओठात धरला, दुसरा उपटला, मग दोन्ही डबीत टाकले. "सांगितलं असतं तर तू बरोबर केलं असतंस ना. तसल्या गाडीच्या स्टिअरिंगमागं 'मालक'? मुझसे नै देखा जाता."

"आणि शेठ चिडले असते तर? मला काढलं असतं तर?"

"तुला कोण काढणार? दुकान माझं हाये," चाचा म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच समजला नव्हता.

मी "हो जी" म्हणाले आणि पुढचा खिळा घेतला. आभार मला पटकन सुचतात. राग यायला वेळ लागतो. तो आला त्या रविवारी, घरी. आईनं गावाकडच्या माणसाबरोबर पोतंभर नवा तांदूळ पाठवला होता, चाचांसाठी, देवमाणसासाठी. घरच्या कांडपाचा, म्हणून खडे असतात. मी निवडायला सूप घेऊन बसले होते. अर्धी मूठ निवडली असेल. मग सूप बाजूला ठेवलं, पोत्याचं तोंड तसंच बांधलं आणि सोमवारी चाचांना देऊन टाकलं.